बाबासाहेबांना गोरे करणाऱ्यांनो, जरा थांबा!

एप्रिल जवळ आला की गावोगावच्या फ्लेक्सच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत काम चालते. चौकाचौकांत बॅनर चढतात. मध्यभागी बाबासाहेब, बाजूला बुद्ध, फुले, शाहू, सावित्रीमाई, रमाई आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. यंदा अशा एखाद्या बॅनरसमोर दोन मिनिटे थांबा आणि मजकूर न वाचता फक्त चेहरे पाहा. बाबासाहेबांचे गाल गुलाबी केलेले दिसतील. रमाईंचा चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा. खालच्या रांगेतला कार्यकर्ता वर्षभर उन्हातान्हात मोर्चे काढतो, पण बॅनरवर तो कधी उन्हात गेलाच नसावा असा दिसतो. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची आणि जोडलेले हात तिसऱ्याच रंगाचे!

हे करायला कोणी सांगितले होते? बहुतेक वेळा कोणीच नाही. "बॅनर चांगला झाला पाहिजे" एवढेच मंडळाने सांगितलेले असते. 'चांगला' या शब्दाचा अर्थ ऑपरेटरने 'गोरा' असा लावला आणि मंडळानेही तो मुकाट्याने मान्य केला. ज्या गोष्टीसाठी आदेशसुद्धा द्यावा लागत नाही, ती समाजात सर्वात खोल मुरलेली असते. जातीचे तरी वेगळे काय आहे?

म्हणून हे स्पष्ट बोलले पाहिजे. फोटोत आलेला दोष दुरुस्त करणे वेगळे आणि माणसाच्या त्वचेलाच दोष समजून ती दुरुस्त करणे वेगळे. पहिले काम कौशल्याचे आहे. दुसरे काम विषमतेचे आहे, मग ते कितीही प्रेमाने आणि दोन क्लिकमध्ये होत असले तरी!

गोरे करतात म्हणजे नेमके काय करतात?

कोणत्याही स्टुडिओत पासपोर्ट साइज फोटो काढायला बसा. फोटो संगणकावर आला की ऑपरेटर लॅसोने चेहऱ्याभोवती रेघ ओढतो, कडा मऊ व्हावी म्हणून फेदर देतो, कर्व्ह्ज उघडतो आणि रेषा मधोमध धरून वर ओढतो. चेहरा उजळतो. मग डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला, कपाळावर डॉज टूल फिरते. शेवटी त्वचा गुळगुळीत करणारे प्लग-इन. अनेकांनी ही सगळी पावले 'ॲक्शन' म्हणून साठवून ठेवलेली असतात. बटण दाबले की समोर कोण बसले आहे हे न पाहता सगळ्यांवर तीच प्रक्रिया. मोबाइलमध्ये तर एवढेही करावे लागत नाही. ब्यूटी मोड चालू असला की फोटो निघतानाच चेहरा धुऊन निघतो.

या धुलाईत जाते काय? कर्व्ह वर ओढला की त्वचेच्या उजळ भागातल्या छटा एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी एकच पांढरट पट्टा उरतो. गालाचा उंचवटा सपाट होतो. स्मूथिंगने सुरकुत्या जातात, वण जातो, आजीच्या कपाळावरचे गोंदण पुसट होते. आयुष्यभर शेतात आणि बांधकामावर राबलेल्या बाईचा चेहरा राबल्याची खूण नसलेला करून तिच्या हातात दिला जातो आणि वर सांगितले जाते, "बघा मावशी, किती छान आला!"

दुरुस्तीला कोणाचाच विरोध नाही. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवर हिरवट झाक येते, पिवळ्या बल्बखाली सगळे पिवळे दिसते. पांढऱ्या पडद्यासमोर माणूस बसवला की कॅमेऱ्याचा मीटर सगळे दृश्य मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो आणि चेहरा प्रत्यक्षापेक्षा गडद येतो. मागून ऊन असेल तर चेहरा अंधारात जातो. अशा वेळी व्हाइट बॅलन्स सुधारावा, एक्सपोजर वाढवावे. ते न करणे हाच त्या माणसावर अन्याय आहे. पण या दुरुस्तीचा मापदंड कोण? समोर बसलेला माणूस. फोटो त्याच्यासारखा झाला की हात थांबला पाहिजे. हात तिथे थांबत नाही, पुढे जातो, तेव्हा तो दुसऱ्याच कुठल्या चेहऱ्याकडे निघालेला असतो.

यंत्राला जात नसते, रंग नसतो म्हणे!

"सॉफ्टवेअर तटस्थ असते, त्यात कशाला जात शोधता?" हा प्रश्न हमखास येणार. मग थोडा इतिहास पाहू.

रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेतली कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना एक नमुना-फोटो पुरवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत, कारण पहिल्या नमुन्यातल्या स्त्रीचे नाव शर्ली होते. ती गोरी होती. तिच्यानंतर आलेल्या नमुना-स्त्रियाही अनेक वर्षे गोऱ्याच होत्या. शर्लीची त्वचा 'नॉर्मल' दिसली की यंत्र बरोबर लागले असे लॅबवाले समजत. परिणाम काय झाला? गोरे आणि काळे विद्यार्थी एकाच वर्गफोटोत बसले की गोऱ्यांचे चेहरे स्वच्छ येत आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा सविस्तर अभ्यास करून २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. गडद छटा नीट टिपण्यासाठी फिल्म सुधारण्याचा रेटा लावण्यात मोठा वाटा होता चॉकलेट आणि फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांचा! त्यांना दुधाचे चॉकलेट आणि कडू चॉकलेट यांतला, एका लाकडातला आणि दुसऱ्या लाकडातला फरक जाहिरातीत दिसायला हवा होता. काळ्या माणसांच्या चेहऱ्याला जे वजन मिळाले नाही ते लाकडाच्या कपाटाला मिळाले.

फिल्म गेली, संगणक आला. २०१७ मध्ये फेसॲप नावाच्या ॲपने चेहरा 'आकर्षक' करणारा फिल्टर आणला. तो लोकांची त्वचा गोरी करू लागला. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेल्या फोटोंमधल्या पक्षपाताकडे बोट दाखवले. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी अस्पष्ट चेहरा स्पष्ट करणारी 'पल्स' नावाची प्रणाली मांडली. तिला बराक ओबामांचा अस्पष्ट फोटो दिला, तर तिने त्यातून एक गोरा माणूस काढून दाखवला! यंत्राला जे चेहरे दाखवले गेले, तोच त्याच्या लेखी 'माणूस' ठरला.

स्लायडर उलटाही फिरतो. जून १९९४ मध्ये अमेरिकेतील खेळाडू ओ. जे. सिम्प्सन यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. 'टाइम' साप्ताहिकाने पोलिसांनी काढलेला त्यांचा फोटो मुखपृष्ठावर छापताना तो मुद्दाम गडद केला. 'न्यूजवीक'ने तोच फोटो आहे तसा छापला होता. दोन्ही अंक शेजारी ठेवले आणि लबाडी उघडी पडली. सुंदर दाखवायचे तर रंग उजळ करायचा, गुन्हेगार दाखवायचे तर गडद करायचा. आता सांगा, हा स्लायडर तटस्थ आहे का?

आणि तंत्रज्ञान बदलता येते हेही खरे आहे. गुगलने २०२१ मध्ये आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात गडद त्वचा खरी दिसावी यासाठी बदल केले. २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली त्वचेच्या दहा छटांची श्रेणी वापरायला घेतली. लोकांनी प्रश्न विचारले म्हणून हे घडले. यंत्र आपोआप शहाणे झाले नाही.

रंग एकच, उजेड वेगळा

चित्रपटांचे रंग सुधारणारे तंत्रज्ञ व्हेक्टरस्कोप नावाचे मापनयंत्र वापरतात. चित्रातला प्रत्येक रंग वर्तुळात कोणत्या दिशेला पडतो हे ते दाखवते. त्यावर त्वचेसाठी एक ठरावीक रेषा आखलेली असते. आफ्रिकेतला माणूस घ्या, युरोपातला घ्या, विदर्भातला घ्या. उजेड स्वच्छ असेल तर प्रत्येकाच्या त्वचेचा रंग साधारण त्या एकाच रेषेच्या आसपास पडतो. कारण सगळ्यांच्या त्वचेला रंग देणारी द्रव्ये तीच आहेत. वरच्या थरातले मेलॅनिन आणि आत वाहणारे रक्त. फरक पडतो तो मुख्यतः मेलॅनिनच्या प्रमाणात, म्हणजे त्वचा किती प्रकाश शोषते आणि किती परत पाठवते यात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. फोटोतल्या त्वचेवर हिरवी किंवा निळी झाक असेल तर तो दोष आहे आणि तो मोजून दाखवता येतो. पण त्वचा गडद असणे हा कोणत्याही मापनयंत्रात दोष ठरत नाही. तो दोष फक्त पाहणाऱ्याच्या डोक्यात असतो. 'स्किन टोन करेक्शन' या नावाखाली चालणाऱ्या गोरेकरणाला तंत्राचा कसलाही आधार नाही. त्याचा आधार दुसरीकडे आहे.

गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी

तो आधार आपल्या भाषेत सापडतो. नाव 'उजळ' करतात आणि तोंड 'काळे' करतात. धंदे काळे, पैसा काळा, कृत्य काळे. लग्नाच्या बायोडाटात मुलगी गोरी असते, नाहीतर निमगोरी असते, नाहीतर गव्हाळ असते. काळी मुलगी बायोडाटात जवळजवळ सापडतच नाही! विटेवरचा देव काळा चालतो, त्याच्या सावळेपणाचे कौतुक होते. त्याच घरात सून मात्र सावळी चालत नाही.

ही पायऱ्यांची रचना ओळखीची वाटते ना? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्यात प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतो आणि खालीही कोणीतरी असतो, म्हणून कोणीच संपूर्ण शिडी मोडायला तयार होत नाही. रंगाचेही तसेच. गव्हाळ मुलगी गोरीपुढे खाली मान घालते आणि सावळीपुढे ताठ उभी राहते. कर्व्ह थोडा वर ओढून मागणाऱ्याला शिडी मोडायची नसते. त्याला एक पायरी वर चढायचे असते.

आणि ही शिडी जातीला टेकवूनच उभी आहे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आपल्या किती मुलींनी कॉलेजात, ऑफिसात हे वाक्य ऐकले असेल: "वाटत नाही हो तुमच्यातली!" बोलणाऱ्याला ते कौतुक वाटते. त्या कौतुकात एका चेहऱ्याला मोकळे केले जाते आणि बाकीच्या संपूर्ण वस्तीला अपमानित केले जाते. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाला २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. गडद त्वचेची व्यक्ती दुःखी, अपयशी दाखवू नये आणि त्वचेच्या रंगाची सांगड कोणत्याही जातीशी, समाजाशी, धर्माशी, व्यवसायाशी घालू नये, असे त्यात आहे. सांगड घातली जात होती म्हणूनच 'घालू नका' असे लिहावे लागले!

१९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. स्लायडरवर आता 'फेअर' ऐवजी 'ब्राइट', 'ग्लो', 'टोन' असे शब्द असतात. अस्पृश्यतेवर घटनेने बंदी घातल्यावर "आम्ही जात मानत नाही, फक्त स्वच्छता मानतो" म्हणणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे शब्द फसवू शकत नाहीत.

उलट्या सापळ्यातही पडू नका

इथे आपल्यातलेच काही उत्साही बांधव म्हणतील, "बरोबर आहे, आपण काळे मूलनिवासी, ते गोरे आर्य. म्हणून आपल्याला गोरे करणे हे षडयंत्र आहे." थांबा. ही मांडणी ऐकायला जोरदार आहे, पण ती बाबासाहेबांची नाही.

ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवण्याचा उद्योग केला. १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त होता. बाबासाहेबांनी ही वांशिक उपपत्ती फेटाळली. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) त्यांनी दाखवून दिले की एकाच प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) मध्ये वैदिक साहित्यातलेच पुरावे देत आर्य एका रंगाचे नव्हते हे मांडले. 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये शरीरमापनाची आकडेवारी तपासून अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही असा निष्कर्ष काढला.

म्हणजे रंगावरून जात ओळखता येते हाच मुळात मनुवाद्यांना आणि साहेबांना सोयीचा समज आहे. आपल्यात गोरी माणसे आहेत, त्यांच्यात काळी माणसे आहेत. आपला मुद्दा 'आमचा रंग काळा' हा नाही. कोणत्याही रंगाला वरचे-खालचे स्थान देण्याचा अधिकार कोणालाच नाही, हा आहे. जो जन्माने गोरा आहे त्याचा फोटो गोरा यावा. जो काळा आहे त्याचा काळा यावा. एवढे साधे आहे हे.

"पण ग्राहकच मागतो ना!"

स्टुडिओवाल्यांचे हे ठरलेले उत्तर. ग्राहक मागतो हे काही अंशी खरे आहे. पण न मागता दिलेल्या गोरेपणाचे काय? एकदा प्रत्येक फोटो गोरा करून दिला, की न केलेला फोटो लोकांना 'खराब' वाटू लागतो. मागणी अशी तयार होते.

दुसरे म्हणतात, "ही ज्याची त्याची आवड आहे." असेल. पण वधू-वर परिचय मेळाव्यासाठी मुलीचा फोटो गोरा करून देणारा बाप आवडीने तसे करत नाही, भीतीने करतो. त्या फोटोवर स्थळ येते. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी समोर येते आणि पाहुणे एकमेकांकडे पाहतात. "फोटोत वेगळी दिसत होती" असा निरोप मध्यस्थाकडून येतो. त्या मुलीला काय कळते? आपला खरा चेहरा म्हणजे फसवणूक आहे असे कळते. नकार फोटोला मिळत नाही, तिला मिळतो. बौद्ध पद्धतीने, हुंडा न घेता, त्रिशरण-पंचशील म्हणून लग्न लावणाऱ्या आपल्या समाजात हे व्हावे?

तिसरे म्हणतात, "अत्याचार होताहेत, शिष्यवृत्त्या अडताहेत आणि तुम्ही फोटोशॉपवर लिहिता!" त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्या माणसाला आधी स्वतःची लाज वाटता कामा नये. स्वाभिमान ही आपल्या चळवळीची पहिली कमाई आहे. बापाच्या आणि आजीच्या चेहऱ्याची लाज बाळगून स्वाभिमान टिकत नाही. शिवाय हा प्रश्न कागदपत्रांचाही आहे. पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्वचेचा रंग नैसर्गिक दिसावा अशी अट आहे. चेहरा ओळखणारी यंत्रे गडद त्वचेच्या स्त्रियांबाबत आधीच कच्ची निघाली आहेत. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तपासलेल्या प्रणालींत गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत स्त्री की पुरुष हे ओळखण्यातली चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली होती; गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. अशा जगात ओळखपत्रावर भलताच चेहरा लावून फिरणे आपल्याला परवडणारे नाही.

महामानवांच्या फोटोंचे काय?

बाबासाहेबांचे आपल्याला परिचित असलेले बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. कृष्णधवल फोटोत फक्त उजेडाची नोंद असते, रंगाची नसते. तोही उजेड फिल्मवर अवलंबून असतो. जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे त्वचा गडद येई. म्हणून अशा फोटोत भरलेला प्रत्येक रंग हा रंग भरणाऱ्याचा निर्णय असतो. आता तर मोबाइलवर फोटो टाकला की एआय काही सेकंदांत तो रंगीत आणि 'एचडी' करून देते. ओबामांना गोरा करणाऱ्या यंत्राची गोष्ट वर सांगितली. तशाच यंत्राच्या हाती आपण बाबासाहेबांचा चेहरा देतो आणि जे येईल ते बिनदिक्कत पुढे पाठवतो. जयंतीच्या बॅनरवर, दिनदर्शिकेवर, शाळेच्या भिंतीवर तोच चेहरा जातो आणि उद्याची पिढी तोच खरा मानणार असते. ज्या माणसाने प्रत्येक विधानामागे पुरावा ठेवला, त्याच्याच चेहऱ्याबाबत आपण इतके बेपर्वा!

करायचे काय?

जयंती मंडळांनी या एप्रिलपासून फ्लेक्सवाल्याला ऑर्डर देतानाच लिहून द्यावे की कोणाचाही चेहरा गोरा करू नये. महापुरुषांचे फोटो शक्यतो मूळ कृष्णधवल रूपातच छापावेत. त्यांत कमीपणा काही नाही.

आपल्या समाजातली शेकडो मुले आज फोटोग्राफी आणि डिझाइनिंग करतात. त्यांच्यावर जबाबदारी जास्त आहे. फोटो काढताना ग्रे कार्ड ठेवा, व्हाइट बॅलन्स त्यावरून लावा. गडद त्वचेवर थेट फ्लॅश मारू नका, ती चमकते आणि बाकी चेहरा बुडतो. मोठा, मऊ उजेड बाजूने द्या. एक्सपोजर चेहऱ्यावर मोजा, मागच्या पडद्यावर नाही. दुरुस्ती करताना चेहरा, मान आणि हात एकत्र पाहा; चेहरा एकटाच उजळत असेल तर हात थांबवा. साठवून ठेवलेली ती 'ॲक्शन' आजच पुसून टाका. ग्राहकाने मागितलेच तर एकदा दोन्ही फोटो शेजारी ठेवून विचारा, "यातले तुम्ही कोण?"

वधू-वर मेळाव्याच्या आयोजकांनी नोंदणी अर्जातला 'वर्ण' हा रकाना काढून टाकावा. आणि तुम्ही-आम्ही, पुढच्या वेळी स्टुडिओत खुर्चीवर बसल्यावर, ऑपरेटरने कर्व्ह वर ओढायच्या आधी त्याला सांगावे, "भाऊ, उजेड नीट कर, पण माणूस बदलू नको."

जय भीम!